किकरे विकत घेताना

लाकडाच्या दोन पट्ट्या काटकोनात पक्क्या जोडायच्या तर एकीच्या टोकाला कुसू काढतात आणि दुसरीत त्या कुसवाच्या मापाची चौकोनी खाच खोदतात. दाराची चौकट, खिडकीची झडप, खुर्चीचा पाय, देव्हाऱ्याचा सांगाडा या सगळ्यांची मजबुती ह्याच सांध्यावर असते. कुसू करवतीने काढता येते. खाच मात्र खोदावीच लागते, आणि त्यासाठीचे हत्यार म्हणजे किकरे. हौसेने हाती काम करणारी मंडळी आता वाढत आहेत. त्यांना दुकानात किंवा ऑनलाइन विक्रीच्या याद्यांत हेच हत्यार ‘मॉर्टाइज चिझल’ या नावाने दिसते, आणि तिथे काहीशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतचे नमुने शेजारी शेजारी मांडलेले असतात. त्यांतले कोणते घ्यावे हे ठरवायला किकऱ्याचा आकार नीट समजला पाहिजे. किमतीवरून आणि पोलादाच्या नावावरून ते ठरत नाही.

पटाशीचे पाते रुंद आणि पातळ असते. तासणे, सोलणे, सांध्याची कड साफ करणे ही तिची कामे. किकऱ्याचे पाते अरुंद आणि जाड असते. कित्येकदा त्याची जाडी रुंदीहूनही जास्त भरते. या जाडीला कारण आहे. खाच खोदताना किकऱ्यावर दोन प्रकारचा ताण येतो. आधी मोगरीचा सरळ ठोका बसतो आणि पाते तंतू तोडत खाली उतरते. मग मूठ मागे ओढून तुटलेला ढलपा उचकटून काढायचा असतो. हा दुसरा ताण आडवा असतो आणि पातळ पाते त्यात वाकते किंवा धारेजवळ तुटते. जोसेफ मॉक्सन या इंग्रज लेखकाने १७व्या शतकात कारागिरीवर लिहिलेल्या ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ या ग्रंथात हेच सांगितले आहे: हे हत्यार अरुंद असते, पण मोगरीचे जड ठोके सोसावेत म्हणून त्याचे पाते इतरांपेक्षा पुष्कळ जाड ठेवतात. साडेतीनशे वर्षांत या व्याख्येत काही बदल झालेला नाही.

इंग्लंडमध्ये किकऱ्याचे तीन घाट रूढ झाले. पहिला सर्वांत दणकट. त्याची मूठ जाडजूड आणि लंबगोल, पात्याचा खांदाही लंबगोल, आणि मूठ व खांदा यांच्यामध्ये बहुधा चामड्याची चकती. खोल खाचांसाठी हाच घाट. दुसरा हलका, खिडकीच्या झडपांमधल्या उथळ खाचांसाठी. त्याला तिकडे ‘सॅश मॉर्टाइज’ म्हणतात. तिसऱ्यात पाते जवळपास चौकोनी छेदाचे, मुठीच्या माथ्यावर लोखंडी कडे, म्हणजे जड ठोक्यांनी लाकूड फुटू नये. जपानी सुतारांची ‘मुकोमाची नोमी’ याच कुळातली. तिच्यात कडक पोलादाचा थर मऊ लोखंडावर जोडलेला असतो, मुठीला कडे असते आणि ती पोलादी हातोड्याने ठोकतात. जपानी किकरे सुरेख कापते, पण त्याची धार फार कडक असते. ढलपा उचकटताना जोर चुकला तर तिचा तुकडा उडतो. नवशिक्याने स्वस्तात मिळाले म्हणूनही ते पहिले हत्यार म्हणून घेऊ नये.

आकारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. ती म्हणजे पात्याच्या बाजू. किकऱ्याची सपाट पाठ खाचेच्या मापाइतकी रुंद हवी आणि तिथून उताराच्या, म्हणजे धारेसाठी तिरक्या घासलेल्या बाजूकडे पाते किंचित अरुंद होत गेलेले चालते. चांगल्या इंग्रजी किकऱ्यांचा छेद असा अगदी थोडा निमुळता असतो. त्यामुळे पाते खाचेत अडकत नाही, आणि हाताची जरा चूक झाली तर वळवून सरळ करता येते. दोन्ही बाजू अगदी समांतर असल्या तरी काम उत्तम होते, किंबहुना सरळ बाजू खाचेच्या भिंतींना टेकून पात्याला वाट दाखवतात. पण उताराची बाजू पाठीपेक्षा रुंद असेल तर मात्र ते किकरे घेऊ नये. ते प्रत्येक ठोक्याला भिंती चिरडत जाते, खाच वरून फाकते आणि कुसू सैल बसते. स्वस्त मालात हा दोष पुष्कळ आढळतो, कारण घाईने पॉलिश करताना कडा कमीजास्त घासल्या जातात. नजरेला तो दिसत नाही. व्हर्नियर कॅलिपरने धारेजवळ पाठीची आणि पुढच्या बाजूची रुंदी मोजली की लगेच कळतो.

माप कोणते घ्यावे याचा जुना नियम सोपा आहे: पट्टीच्या जाडीचा सुमारे एक तृतीयांश भाग खाचेला द्यावा. पाऊण इंची, म्हणजे साधारण १९ मिलिमीटरच्या पट्टीला पाव इंची किकरे. एक इंचाच्या पट्टीला पाच सोळांश, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. दीड इंची खुर्चीच्या पायाला किंवा दाराच्या जाड पट्टीला तीन अष्टमांश ते अर्धा इंच. आपल्याकडचे सुतार हेच माप सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, त्यामुळे पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. नियम काटेकोर पाळण्याची गरज नाही. एक तृतीयांशाच्या जवळचे जे किकरे हाताशी असेल ते वापरावे आणि त्याच्या रुंदीवरून मॉर्टाइज गेजच्या दोन्ही टोच्या लावून घ्याव्यात. आधी खाच आखून मग तिला जुळणारे हत्यार शोधणे म्हणजे उलटा प्रवास. आधी हत्यार, मग त्याच्यावरून आखणी, मग त्याच आखणीवर कुसू, असा क्रम ठेवला की हत्याराची नेमकी रुंदी किती याला फारसे महत्त्व उरत नाही.

तरी इंच आणि मिलिमीटर यांची सरमिसळ लक्षात ठेवावी. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, ६ नव्हे. अर्धा इंच १२.७ मिलिमीटर, १२ नव्हे. सगळे काम हाताने होत असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. पण पॅनेल बसवण्यासाठीची लांब चर राउटरने किंवा खाचेच्या रंध्याने पाव इंची पात्याने मारली आणि खाच ६ मिलिमीटरच्या किकऱ्याने खोदली, तर दोहोंत मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याची पायरी राहते. ती उघड्या डोळ्यांना दिसते आणि सांध्यात जाणवते. म्हणून चर मारण्याचे पाते ज्या मापात असेल त्याच मापात किकरे घ्यावे.

किकऱ्याशिवाय भागते का, हाही रास्त प्रश्न आहे. पॉल सेलर्स हे ब्रिटिश सुतार-शिक्षक अनेक वर्षे सांगत आले आहेत की रोजच्या कामाला खास किकऱ्याची गरज नाही, साध्या पटाशीनेही खाच तितकीच चांगली आणि बऱ्याचदा जास्त लवकर होते. काचेला लाकूड टेकवून, आत पाते कसे चालते ते दाखवत त्यांनी दोन्ही हत्यारांची तुलना केली आहे. त्यांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. देवदार, पाइन, सिवन, आंबा अशा लाकडात ६ ते १० मिलिमीटरची चांगली पटाशी ३०-४० मिलिमीटर खोलीपर्यंत व्यवस्थित काम देते, मात्र ढलपा काढताना जोराने उचकटायचे नाही, थोडे थोडे घ्यायचे. अडचण येते ती खोल खाचांत, कठीण लाकडात आणि एका मागून एक पुष्कळ खाचा खोदायच्या असतील तेव्हा. ज्याला वर्षात दोन स्टुले आणि एक शेल्फ करायचे आहे त्याने पटाशीवरच भागवावे. ज्याच्या डोक्यात सागवानी दार किंवा शिसवी खुर्च्यांचा संच आहे, त्याला किकरे लागणार.

किकरे स्वस्तात मिळवायचे मार्ग तीन आहेत.

पहिला नव्या, मध्यम किमतीच्या मालाचा. जगभरच्या हौशी सुतारांत या वर्गात सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते चेक प्रजासत्ताकातील नारेक्स कंपनीचे. तिची किकरी क्रोम-मँगनीज पोलादाची आणि रॉकवेल मोजणीत सुमारे ५९ कठीणपणाची असतात. पाते जाड, मूठ लाकडी, बाजू बऱ्यापैकी सरळ. अमेरिकेतल्या ली-निल्सन किंवा कॅनडातल्या व्हेरिटास यांच्या किकऱ्यांना त्याच्या तिप्पट-चौपट पैसे पडतात. त्या महाग हत्यारांत पाठ आधीच सपाट असते, कडा काटेकोर असतात, पोलाद धार जास्त वेळ धरते. हे सगळे गुण खरे आहेत, पण खाचेच्या तळाशी ते दिसत नाहीत. तासभर दगडावर घालवला तर नारेक्सची पाठही सपाट होते. परदेशी विक्रेत्याकडून एकच हत्यार मागवायचे असेल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. स्वस्त वाटणारे किकरे त्यात महाग होते.

दुसरा मार्ग जुन्या बाजाराचा, आणि खरे तर सर्वांत चांगली किकरी याच मार्गाने मिळतात. शेफील्ड या इंग्रजी शहरातल्या कारखान्यांनी १९व्या शतकात आणि २०व्याच्या पूर्वार्धात अगणित हत्यारे घडवली. विल्यम मार्पल्स, वॉर्ड अँड पेन, सोर्बी हे ठसे तिथलेच. पात्यावर ‘कास्ट स्टील’ असा ठसा दिसला तर बिडाचे लोखंड समजून ते टाकून देऊ नये. बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या दशकात शेफील्डमध्ये मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, आणि त्या मुशीतल्या पोलादाला हे नाव पडले. हातरंध्यांसाठी आणि पटाश्यांसाठी त्याच्या तोडीचे साधे पोलाद आजही कमी मिळते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईतला चोरबाजार, किंवा बंद पडलेल्या सुतारशाळेतली विक्री, कुठेही असा ठसा दिसला तर थांबून पाहावे.

जुन्या हत्यारात गंजाने घाबरू नये, पण गंज कुठे आहे ते बघावे. वरवरचा लालसर गंज काचकागदाने निघतो. पाठीवर, धारेलगत खोल खड्डे पडले असतील तर मात्र विचार करावा, कारण पाते पाजवत पाजवत मागे गेले की प्रत्येक खड्डा धारेत येतो आणि तिथे धार तुटकी राहते. उताराच्या बाजूचे खड्डे निरुपद्रवी असतात, ते पाजवताना घासून जातात. पाते सरळ आहे की पिळलेले, हे टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरून पाहावे. धारेजवळ निळसर झाक असेल तर कोणीतरी ग्राइंडरवर पाते तापवून त्याचे पाणी उतरवलेले असते. निळा भाग घासून काढल्यावरही पुरेशी लांबी उरत असेल तरच ते घ्यावे. मूठ फुटलेली असेल तर ती अडचण समजू नये. बाभळीच्या लाकडाची नवी मूठ कोणीही बसवू शकतो, आणि फुटकी मूठ किंमत पाडायला उपयोगी पडते.

तिसरा मार्ग लोहाराचा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सुतारांनी पिढ्यानपिढ्या किकरी लोहाराकडूनच घडवून घेतली. ट्रकच्या किंवा बसच्या पाट्यांचे पोलाद त्यासाठी चांगले. स्प्रिंगच्या या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असते, ते पाणी चांगले घेते आणि ठोक्याने सहज तुटत नाही. किकऱ्याला नेमका हाच गुण हवा. लोहाराला सांगताना माप तोंडी न सांगता लाकडाचा नमुना करून द्यावा आणि दोन गोष्टी ठासून सांगाव्यात: पाठ सर्वांत रुंद ठेवायची, आणि पाणी दिल्यावर पाते पुन्हा हलके तापवून पिवळसर गवती रंगावर उतरवायचे. हा रंग साधारण २३० अंश सेल्सिअसला येतो. जांभळ्या-निळ्या रंगावर नेले तर धार मऊ होते, आणि तापवलेच नाही तर ती काचेसारखी तुटते. घडवलेल्या किकऱ्याच्या बाजू शेवटी कानशीने आणि दगडावर समांतर करून घ्याव्या लागतात. तेवढे कष्ट करायची तयारी असेल तर या मार्गाइतके स्वस्त आणि मनाजोगे हत्यार दुसरीकडे मिळत नाही.

दुकानातून नवे किकरे उचलताना वेष्टनावरचा मजकूर बाजूला ठेवावा. मूठ आणि पाते एका रेषेत आहेत का, हे सर्वांत आधी बघावे. मूठ तिरकी असेल तर ठोका तिरका बसतो आणि खाच एका बाजूला कलते. पाठीवर स्टीलची पट्टी आडवी-उभी टेकवून उजेड कुठून येतो ते पाहावे. पाठ मध्यभागी किंचित पोकळ असली तर चालते, उलट फुगीर पाठ सरळ करणे जिकिरीचे असते. धार पात्याशी काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून कळते, पण ती नसली तरी दुरुस्त करता येते, म्हणून त्याला फार महत्त्व नको. पात्याच्या खांद्याजवळ मूठ आणि धातू यांच्यात फट दिसली तर ते हत्यार परत ठेवावे. शक्य असेल तर बारीक कानस पात्याच्या कडेवर हलकेच फिरवावी: ती लोण्यासारखी चावली तर पोलाद मऊ, किंचित घसरत चावली तर ठीक.

पोलादाच्या जातींविषयी जितके बोलले जाते तितका फरक त्यांनी पडत नाही. साधे कार्बन पोलाद, क्रोम-व्हॅनेडियम, ए२, डी२ या साऱ्यांची किकरी मिळतात. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असते, धार फार टिकते, पण साध्या तेलाच्या दगडावर ती लवकर येत नाही. डायमंड प्लेट लागते. ए२ ला धार बारीक ठेवली तर तिचे कपचे उडतात. हौशी माणसाला साधे किंवा क्रोम-मँगनीज पोलादच सोयीचे, कारण ते कोणत्याही दगडावर पाच मिनिटांत पुन्हा धारदार होते. धारेचा कोन मात्र मनावर घेण्यासारखा आहे. पाते २५ अंशांच्या जवळपास घासावे आणि अगदी टोकाशी ३० ते ३५ अंशांची छोटी दुसरी पट्टी द्यावी. नव्या किकऱ्याची धार पहिल्याच दिवशी दुमडली म्हणून पोलाद वाईट ठरवू नये. कारखान्यातल्या घासणीत धारेचा शेवटचा मिलिमीटरभर भाग तापून मऊ झालेला असू शकतो. तो दगडावर काढून टाकल्यावर खालचे पोलाद बहुधा चांगले निघते. त्यानंतरही दुमडत राहिली तर कोन वाढवावा, आणि तरीही तेच झाले तर हत्यार परत करावे.

पाजवण्यात वेळ कुठे घालवायचा हे ठरवून घ्यावे. पाठ पूर्ण आरशासारखी करण्याची गरज नसते. धारेपासून इंचभर सपाट झाली की पुरे. १००० नंबरच्या दगडानंतर आणखी बारीक दगड वापरला तरी खाचेत त्याचा फायदा फारसा जाणवत नाही. बाजूंच्या कडांवर कारखान्याच्या घासणीच्या आडव्या रेघा असतील तर त्या बारीक काचकागदाने लांबीच्या दिशेने घासून टाकाव्यात, पाते खाचेतून सहज सुटते. काचेवर चिकटवलेला काचकागद हा सुरुवातीला सर्वांत स्वस्त दगड आहे.

साग हे महाराष्ट्रातले घरोघरचे लाकूड, आणि किकऱ्याची खरी परीक्षा त्यातच होते. सागात सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते धार झपाट्याने बोथट करतात, म्हणून सागात काम करताना दर दोन-तीन खाचांनी दगडाकडे वळावे लागते. हा हत्याराचा दोष नाही. शिसव आणि बाभूळ यांत धारेवर जास्त जोर येतो. तिथे ३५ अंशांचा कोन ठेवावा आणि एकेका ठोक्यात दोन-तीन मिलिमीटरहून पुढे सरकू नये. लाकूड बाकाच्या पायाच्या नेमके वर शिकंज्याने आवळलेले असावे, म्हणजे ठोक्याची ताकद बाक हलवण्यात वाया जात नाही. मोगरी अर्धा ते पाऊण किलोची पुरते. खाचेच्या दोन्ही टोकांना दोनेक मिलिमीटर लाकूड शेवटपर्यंत राखून ठेवावे, नाहीतर ढलपा उचकटताना टोकाची धार चेपते आणि सांधा उघडा दिसतो. आरपार खाच अर्धी एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने खोदावी. चौकटीच्या उभ्या पट्टीच्या टोकाजवळ खाच येत असेल तर पट्टी थोडी लांब ठेवून शेवटी कापावी, नाहीतर ठोक्याने टोक चिरते.

चार-सहा किकऱ्यांचा संच घेणे हा सर्वांत मोठा अपव्यय आहे. संचातली १६ किंवा २० मिलिमीटरची किकरी घरगुती कामात वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण इतक्या रुंद खाचा बहुतेक लोक गिरमिटाने भोके पाडून, मग पटाशीने साफ करतात, आणि ते बरोबरच आहे. पहिली खरेदी एकच असावी: पाव इंची किंवा ६ मिलिमीटरचे, जाड पात्याचे, सरळ बाजूंचे किकरे. पाऊण इंची पट्ट्यांच्या चौकटी, पेट्या, लहान टेबले ही सगळी कामे त्यावर होतात. दाराच्या जाड पट्ट्यांचे काम हाती आले की १० मिलिमीटरचे दुसरे घ्यावे, त्याआधी नाही. संचातून वाचलेले पैसे चांगल्या दगडावर किंवा डायमंड प्लेटवर खर्च करावेत, आणि नव्या किकऱ्याने पहिल्या काही खाचा कामाच्या लाकडात न खोदता त्याच जातीच्या टाकाऊ तुकड्यात खोदून पाहाव्यात.